घंटेआधीचं पाणी

शाळेत आजारी मूल असलं की बाहेरचे लोक शिक्षकांना दोन सल्ले देतात. मुलाला जीव लावा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवा. सल्ले चांगले आहेत, पण तेवढ्याने मुलाचा दिवस सोपा होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते. आमच्या पटावर दर वर्षी सिकलसेलची मुलं असतात. त्यांना शाळेत जो त्रास होतो त्यातला बराचसा आजाराचा असतो, आणि उरलेला आमच्या नियमांचा. आजार बरा करणं आमच्या हातात नाही. नियम मात्र आमचेच आहेत.

इथे कुणाचं नाव लिहीत नाही. मुलं मोठी होतात, त्यांची लग्नं ठरायची असतात, आणि आमच्याकडे सोयरीक मोडायला एवढी माहिती पुरते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी गोल आणि लवचिक राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे सहन न होणारं दुखणं सुरू होतं. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे हिमोग्लोबिन कायम सात-आठच्या घरात, डोळे पिवळसर, आणि जरा धावलं की धाप. पुण्या-मुंबईकडचे ओळखीचे लोक हा आदिवासींचा आजार समजतात. आमच्या पटावर गोंड आणि माडिया मुलं आहेत तशीच बौद्ध, तेली, कुणबी घरांतलीही आहेत. गावात कुणी आजाराचं नाव घेत नाही. 'पॅटर्न कोणता?' असं विचारतात. एसएस म्हणजे ग्रस्त, एएस म्हणजे वाहक. किराणा दुकानावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही हे माहीत असतं.

जिच्यामुळे आमच्या शाळेत बऱ्याच गोष्टी हलल्या ती मुलगी आठवीत असताना माझ्या वर्गात आली. एसएस. अंगाने लहान, सहावीतली वाटावी अशी. तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये पहिली तक्रार आली ती अभ्यासाची नव्हती. "दर तासाला बाहेर जाते. एकदा पाणी, एकदा लघवी. तास बुडवायची सवय लागली आहे." तक्रार करणारे सर वाईट नव्हते. तासाच्या मध्ये कुणी उठायचं नाही, पाणी सुट्टीत प्यायचं, हा नियम त्यांच्या आधीपासून चालत आलेला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा तपासणीला शाळेत येते. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. गाडीतल्या डॉक्टर मॅडमना मी हे विचारलं, तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुम्ही तिला थांबवता की काय?" या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. पाणी शरीरात टिकत नाही, म्हणून वारंवार जावं लागतं, आणि गेलेलं पाणी लगेच भरून काढावं लागतं. पाणी कमी पडलं की पेशी वाकड्या व्हायला लागतात. म्हणजे सुट्टीची घंटा होईपर्यंत तहान दाबून बसलेली मुलगी आपल्या नकळत दुखण्याकडे सरकत असते. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तर बोलायलाच नको.

एकटीला सूट द्यावी असं आधी ठरत होतं. मी नको म्हटलं. एकटीला सूट दिली की तिच्या बाकावरची बाटली म्हणजे तिच्या आजाराची पाटी झाली असती. म्हणून नियम सगळ्या शाळेचाच बदलला. बाटली बाकावर, हवं तेव्हा पाणी प्या, लघवीला जाताना फक्त हात वर करून निघा. "सगळी पोरं बाहेर भटकतील," असं सर म्हणाले, आणि सुरुवातीला भटकलीही. नंतर त्यातली मजा गेली. आता बाहेर जाणारी मुलं आधीइतकीच असतात, आणि ऊन लागून चक्कर येण्याच्या तक्रारी सगळ्याच मुलांत कमी झाल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं हेही त्याच निमित्ताने वर आलं. पाणी पी म्हणायचं आणि जायला जागा द्यायची नाही, असं चालणार नव्हतं. टाकी बसवून घ्यायला मात्र वर्ष गेलं.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. डिसेंबर-जानेवारीत सात-साडेसातला मैदान दवाने भिजलेलं असतं, पारा दहाच्या आसपास, आणि शनिवार म्हणजे कवायत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि या मुलांचं दुखणं उसळतं. तिचं दुखणं मी जवळून पाहिलं ते अशाच एका शनिवारी. ती खाली कोसळली वगैरे नाही. ओळीतून निघाली आणि व्हरांड्याच्या खांबाला कपाळ टेकवून उभी राहिली. दोन्ही हातांनी खांब धरलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी जवळ गेले.

"काय होतंय?"

"हाडं दुखून रायले, मॅडम."

"कुठे?"

तिने मांडी दाखवली, मग कंबर, मग म्हणाली, "सांगता नाही येत. फिरून रायलं."

रडणं नाही, ओरडणं नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मूल किंचाळलं की आपला विश्वास बसतो. ही मुलं पाळण्यात असल्यापासून दुखणं सोसत आलेली असतात, चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, आणि मग 'नाटक करते' हा शेरा फार लवकर बसतो. तिच्या खेळाच्या सरांनी तो मारला नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी स्वतःचा स्वेटर काढून तिला दिला आणि कवायत थांबवली.

तेव्हा आम्ही जे केलं तेच पुढे पक्कं झालं. पालक-शिक्षक संघाच्या पैशांतून ग्रंथालयाच्या खोलीत एक खाट आली, दोन ब्लँकेट आली. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई पाणी कोमट करून देतात. ते स्टीलच्या बाटलीत भरून टॉवेलात गुंडाळायचं आणि दुखऱ्या जागी ठेवायचं. बर्फ कधीच नाही. खेळाच्या पेटीतला दुखरी जागा बधिर करणारा थंड फवारा या मुलांना मारायचा नाही, हे मुद्दाम लिहून ठेवलं, कारण गुडघा धरून बसलेल्या मुलाला कुणीही पहिल्यांदा तोच मारणार. भरपूर पाणी पाजायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी घरून आलेली असते. ती पालकांच्या लेखी संमतीने आणि चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणेच द्यायची. मग घरी फोन.

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत, म्हणजे नवीन आलेल्या शिक्षकालाही घाईत वाचता यावा. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून श्वास लागला, हाता-पायाची एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं, एकदम पांढरंफटक पडून पोट फुगलं, तर फोन घरी नाही, आधी 108 ला. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून साधा वाटणारा ताप त्यांच्या बाबतीत साधा नसतो. लहान वयात अर्धांगवायूचा झटकाही येऊ शकतो. शाळेत अशा वेळी पहिला विचार येतो तो पालक येईपर्यंत थांबण्याचा. आमच्याकडे पालक जंगलात किंवा धानाच्या बांधीत असतात आणि फोनला रेंज नसते.

त्या शनिवारी तिचे वडील दुपारी पोचले. तोवर ती झोपली होती. संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात सलाईन लागलं आणि चार दिवसांनी घरी आली. हजेरीपटावर चार गैरहजेऱ्या.

गैरहजेरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनात पूर्ण हजेरीचं बक्षीस असायचं. वर्षभरात एकही दिवस न चुकवलेल्या मुलाला व्यासपीठावर बोलावून वह्यांचा गठ्ठा. हेतू चांगला होता. रोवणी-कापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, तिथे हजेरीला मान मिळायला हवा असं वाटणारच. पण बक्षीस मिळायचं कुणाला, तर ज्याला ताप आला नाही त्याला, किंवा ताप अंगावर काढून जो आला त्याला. निरोगी असण्याचं बक्षीस देण्यात मला काही अर्थ दिसत नव्हता. शिवाय, टाळ्या वाजवणाऱ्यांत दवाखान्यातून कालच परतलेलं मूलही बसलेलं असतं. दोन वर्षं मीटिंगमध्ये हा विषय काढल्यावर ते बक्षीस बंद झालं. त्याऐवजी काय सुरू करावं यावर अजून एकमत नाही. माझ्या मते काहीच सुरू करायला नको.

रोवणीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते आणि आमच्या भागातली मोठी मुलं घरच्यांबरोबर बांधीत उतरतात. चिखलात पिंढरीभर पाणी, वरून पाऊस, दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे लावायचे. गार पाणी, ओलं अंग, श्रम, पोटात काही नाही. दुखणं उठवायला आणखी काय लागतं? रोवणीनंतरच्या आठवड्यात आमची ही मुलं हटकून गायब होतात. मी तिच्या घरी गेले होते. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी माझं म्हणणं मांडलं, तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "तुमचं खरं आहे मॅडम. पण मजूर सांगाले पैसे कुठून आणू? पोरगी घरी बसली तर तिच्या वाट्याचं मी लावीन, अन् मग मी पडीन."

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा सिकलसेलची पाहणी केली होती, आणि लोकांना तो प्रश्न आपला वाटलाच नाही, हे डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. त्या आईसमोर बसल्यावर ते पटतं. तिच्या यादीत आजार होता, पण वर चार गोष्टी होत्या. आमची तडजोड अशी झाली की मुलगी बांधीत उतरणार नाही. बांधावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजून द्यायचं आणि घरचा स्वयंपाक करायचा. वडिलांना ते पटलं की आईच्या नजरेमुळे त्यांनी मान डोलावली, कोण जाणे. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये ती शाळेत होती.

सोमवारची गोळी ही वेगळीच गुंतागुंत. सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी द्यायची असते. जेवणानंतर, शिक्षकांनी आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायची, आणि रजिस्टरमध्ये खूण करायची. योजना चांगली आहे, आमच्या मुलींना तिची गरज आहे. पण हिचं हिमोग्लोबिन कमी आहे ते लोह कमी पडल्यामुळे नाही. पेशी फुटतात म्हणून ते कमी आहे, आणि फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. त्यात तिला अनेकदा रक्त चढवलेलं. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमहून जास्त लोह आत जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट नाही. साठून साठून ते यकृताला आणि हृदयाला बाधतं. तिच्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं होतं की लोहाची तपासणी केल्याशिवाय ही गोळी नाही, फॉलिक ॲसिड मात्र रोज.

रजिस्टरमध्ये 'दिली' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने होते. वरून पाहणीला आलेल्या माणसाने विचारलं, "ही हजर आहे, मग गोळी का नाही?" मी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, "तुम्ही टक्केवारी पाडता." वाद घालण्यात अर्थ नव्हता. रजिस्टरच्या मागच्या पानावर मी 'वैद्यकीय सल्ल्याने वर्ज्य' अशी यादी सुरू केली, त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतली, आणि चिठ्ठीची झेरॉक्स तिथेच डकवली. वाहक मुलं म्हणजे एएस पॅटर्नची. त्यांना ही अडचण नाही, ती गोळी घेतात. हा फरक न सांगता 'सिकलसेलवाल्यांनी गोळी घेऊ नका' असं कुणी वर्गात म्हणून टाकलं तर निम्मा वर्ग गोळी टाळतो.

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ आहे, आणि त्यात सिकलसेल आहे. पुस्तकात त्याला दात्रपेशी पांडुरोग म्हटलंय. आमच्याशिवाय इतर शाळांत हा पाठ कसा शिकवतात मला माहीत नाही. बहुधा एका तासात, परीक्षेत चार गुणांना येतो म्हणून. माझ्यासमोर मात्र ती दुसऱ्या बाकावर बसलेली असणार होती. पाठाच्या दोन दिवस आधी मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि विचारलं, त्या दिवशी वर्गात बसशील का, की ग्रंथालयात थांबशील? तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तुम्ही शिकवा मॅडम. पण माह्याकडे पाहू नका."

पस्तीस मिनिटं एका मुलीकडे न पाहणं फार अवघड असतं, आणि अजिबातच न पाहिलं तर तेही मुलांच्या लक्षात येतं. मी फळ्यावर जास्त वेळ काढला.

पेशी अडकते म्हणजे काय, हे सांगायला मी बांधीचाच दाखला घेते. पाटात काडीकचरा अडकला की पुढच्या बांधीला पाणी पोचत नाही आणि तिथलं धान वाळतं. शरीरात पाण्याच्या जागी रक्त. ते कळतं. मग रेणूंकडे जायचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलीन येतं, बास, एवढाच बदल. एका जागेवरच्या बदलाने एवढा त्रास कसा, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि मला तो आवडतो.

मग मी वॉल्टर नोएलची गोष्ट सांगते. वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा हा मुलगा दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला आणि 1904 मध्ये तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विचित्र आकाराच्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये त्या जगापुढे मांडल्या. वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराची पहिली नोंद झाली ती अशी, एका विद्यार्थ्याच्या नावावर. त्याने मध्ये मध्ये दवाखाने करत शिक्षण पूर्ण केलं, आपल्या वर्गाबरोबर 1907 मध्ये पदवी घेतली आणि गावी जाऊन दवाखाना थाटला.

त्या वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग तो किती वर्षं जगला?"

खोटं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं, 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला, जेमतेम तिशीत होता. आणि लगेच हेही सांगितलं की पेनिसिलिनचा शोध 1928 चा, त्याच्या मृत्यूनंतरचा. आज लस आहे, प्रतिजैविकं आहेत, हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आहे, जिने दुखण्याच्या खेपा कमी होतात. वर्ग शांत होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पाठातला सगळ्यात नाजूक भाग लग्नाचा. आई-बाप दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के. 'चारात एक' असं सगळेच सांगतात, आरोग्यवालेही. मी दोन डबे ठेवते, प्रत्येकात एक तुरीचा आणि एक लाखोळीचा दाणा. मुलांनी डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक दाणा काढायचा, तो परत टाकायचा, पुन्हा काढायचं. दोन्ही तुरी आल्या तर एसएस. एका गटाला लागोपाठ तीनदा दोन्ही तुरी आल्या. मुलं ओरडायला लागली, चूक आहे, एकदा आली म्हणजे आता तीनदा यायला नको. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून आवाज आला.

"तसंच होते. आमच्या घरी तसंच झालं. मले झाला म्हणून भाऊ सुटला, असं वाटलं होतं आईले. त्याले पण निघाला."

ती उभी राहिली नव्हती, बसूनच बोलली. एवढं बोलून तिने वही उघडली आणि फळ्यावरचा चौकोन उतरवून घ्यायला लागली. वर्गात तिचा पॅटर्न सगळ्यांना माहीत होताच, पण तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मी फक्त म्हटलं, "बरोबर. प्रत्येक खेप नवी." आणि पुढे गेले. त्या एका वाक्यात तिने जे सांगितलं ते माझ्या डब्यांनी दहा तासांत झालं नसतं.

वाहकांबद्दल मी मुद्दाम जास्त बोलते. एएस मुलीला 'सिकलसेलवाली' म्हणून नाकारलं गेल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. वाहक आजारी नसतो. उलट हा जनुक टिकला तोच मलेरियाच्या मुलखात, कारण एएस असलेल्यांना जीवघेण्या मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळतं. गडचिरोलीच्या मुलांना मलेरिया समजावून सांगावा लागत नाही. लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावं, एवढाच मुद्दा. ती जबाबदारी एकट्या मुलीची नाही हे मी मुलांकडे, म्हणजे मुलग्यांकडे बघून सांगते.

खेळाच्या तासाला तिला गुणलेखक केलं होतं. सगळ्यांना वाटलं छान सोय झाली. ती वहीत गुण लिहायची, शिट्टीही तिच्याकडे. एकदा मी विचारलं, आवडतं का? "गुण लिहाले कोणाले आवडते?" असं म्हणाली. तिला खो-खो खेळायचा होता. वडिलांना घेऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं, दमेपर्यंत नको, उन्हात नको, मध्ये पाणी आणि विसावा हवा, स्पर्धेत नको. म्हणजे खेळायला हरकत नव्हती. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. सरांनी बदली खेळाडूचा नियम सैल केला, ती एक फेरी खेळायची, दोन फेऱ्या बसायची. चपळ होती. धाप लागली की स्वतःच बोट वर करायची.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर जास्त लिहिलं तर माझा तोल जाईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांचा समावेश आहे त्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र असलं की दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. एसटीतही सिकलसेलच्या रुग्णांना प्रवासात सवलत आहे. हे सगळं आहे. पण प्रमाणपत्राच्या खिडकीवर तिच्या वडिलांना ऐकायला मिळालं, "हात-पाय तर धड दिसतात." त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. पुढच्या तारखेला या. तारखेला गेले तर तपासणारे डॉक्टर नाहीत. प्रत्येक खेपेला मजुरी बुडणार. शेवटी मी आणि सिकलसेलचं काम पाहणारा समन्वयक, आम्ही दोघं बरोबर गेलो, तेव्हा काम झालं. शिक्षक बरोबर असला की खिडकीची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे. तेव्हा नववीतच हे काम हाती घ्यायचं असं मी ठरवून टाकलंय. दहावीच्या डिसेंबरात सुरू केलं तर पेपर होऊन जातात.

19 जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या दिवशी विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे बंदच असतात, सगळ्या जगात शाळांचे फोटो निघतात आणि आमच्याकडे कुलूप. मला वाईट वाटत नाही. भाषणाऐवजी त्या सुमारास पटावरची जुनी यादी काढून बसते. कुणाच्या कॅप्सूल चालू आहेत, कुणाचा फोन नंबर बदलला, कोणता वर्ग वरच्या मजल्यावर जाणार.

दहावीत तिचे पहिले तीन पेपर नीट झाले. गणिताच्या आदल्या रात्री दुखणं उठलं आणि दोन पेपर दवाखान्यात गेले. पुरवणी परीक्षेत ती ते पास झाली. टक्केवारी सांगण्यासारखी नाही, असं तीच म्हणते. अकरावीला तालुक्याच्या गावी गेली तेव्हा मी एक पानी पत्र दिलं होतं, पाणी, थंडी, ताप, 108, सगळं लिहून. तिथे ते कुणी वाचलं नाही असं तिच्याकडून कळलं. वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. तिने स्वतः भांडून खाली घेतली. दर तासाला हात वर करून बाहेर जायची सवय असलेली मुलगी, तिला मागायला लाज वाटत नाही.

तिचा भाऊ आता आमच्याकडे सातवीत आहे. त्याला हायड्रॉक्सियुरिया लहानपणीच सुरू झालं, म्हणून तो बहिणीपेक्षा पुष्कळ बरा आहे, अंगाने भरलेला, आणि म्हणूनच त्याला आपण आजारी आहोत हे मान्य नाही. बाटली घरी विसरतो. मुद्दाम विसरतो. स्वेटर शाळेच्या फाटकापर्यंत अंगात असतो, आत आला की दप्तरात. त्याला सांगून उपयोग नाही म्हणून मी वर्गप्रमुखाला सांगितलं की प्रत्येक तासाच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाने दोन घोट पाणी प्यायचं. पितात. तो पण पितो, उपकार केल्यासारखं तोंड करून.

यंदा प्रश्न सहलीचा आला. दर वर्षी डिसेंबरात आमची सहल चिखलदऱ्याला जाते. हजार मीटरच्या वरची जागा, पहाटेची थंडी, रात्रभराचा बसप्रवास. त्याला एकट्याला मागे ठेवायचं हा पर्याय मीटिंगमध्ये कुणीतरी मांडला, आणि खेळाच्या सरांनी तो उडवून लावला, मला बोलावं लागलं नाही. सहल फेब्रुवारीत, दिवसाउजेडी, सेवाग्राम आणि पवनारला न्यायची असं ठरलं. सातवीची मुलं चिडली आहेत. त्यांना चिखलदराच हवा होता. सगळ्यात जास्त चिडलाय तो. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.